शाळेच्या ओट्यावरून : निकालाचा दिवस

आपल्या घरांतून वर्षाचा आरंभ एकच नसतो. देवघराचे वर्ष चैत्री पाडव्यास सुरू होते, पेढीवाल्याचे दिवाळीच्या पाडव्यास आणि सरकारी कचेरीचे १ एप्रिलास. परंतु ज्या घरात सहा ते दहा वर्षांचे मूल आहे, त्या घराचे वर्ष खरोखर संपते ते १ मे या दिवशी. त्या दिवशी सकाळी मूल धुतलेला गणवेश घालून, केसांना तेल चोपडून शाळेत जाते व दोन तासांनी हातात एक घडी घातलेले प्रगतिपत्रक घेऊन परत येते. मग देवापुढे साखर ठेवली जाते, आजोबांना नमस्कार होतो, आणि ‘कितवीत गेलास?’ या प्रश्नाला पुढची दोन महिने पुरेल इतक्या अभिमानाने उत्तर दिले जाते. या दिवसाविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. ते या महिन्यात लिहितो.

निकाल १ मे रोजीच का, हे नव्या पिढीतील पुष्कळ आईबापांस ठाऊक नसते. १९६० साली याच तारखेस महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या दिवशी शाळेच्या प्रांगणात ध्वजवंदन व्हावयाचेच असते. मुले, पालक, गावचे प्रतिष्ठित असे सर्व जण अनायासे जमतात. म्हणून ध्वजवंदन आटोपताच निकाल सांगण्याची चाल पडली. आमच्या मराठवाड्यातील शाळांचे भाग्य असे की, त्यांना वर्षातून चार वेळा ध्वज उभारावयास मिळतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे तीन दिवस तर सर्व महाराष्ट्राचे. चौथा १७ सप्टेंबर हा आमचा. १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले व येथील मुले निजामाच्या प्रजेची मुले राहिली नाहीत. परभणी जिल्ह्याच्या नवही तालुक्यांत, मग ते जिंतूरच्या डोंगराकडील गाव असो की पूर्णेच्या रेल्वेस्थानकाजवळील वस्ती असो, जिल्हा परिषदेच्या शाळेत हा क्रम सारखाच चालतो.

समारंभाचे स्वरूपही ठरलेले. आदल्या दिवशी मोठ्या वर्गातील मुली अंगण झाडून सडा घालतात व रांगोळी काढतात. खडूने फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘वार्षिक निकाल’ असे लिहिले जाते व त्याभोवती रंगीत खडूची वेलबुट्टी निघते. ऊन चढावयाच्या आत सर्व उरकावे लागते. कारण आमच्याकडे या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. ध्वजवंदन, राज्यगीत, मुख्याध्यापकांचे चार शब्द, वर्षभरातील स्पर्धांची बक्षिसे, शेवटच्या वर्गाचा निरोप, आणि मग निकाल. ज्या गावात शाळा चौथीपर्यंत किंवा पाचवीपर्यंतच असते, तेथे त्या वर्गाच्या मुलांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो. त्या एका कागदाने मूल गावच्या शाळेचे राहत नाही, ही गोष्ट त्याला त्या क्षणी उमजत नाही; पण दारात उभ्या असलेल्या आईला उमजते.

कोणी म्हणेल, हा सारा इंग्रजी अमदानीने आणलेला थाट आहे. तसे मात्र नव्हे. अध्ययनाचे वर्ष विधिपूर्वक सुरू करावे आणि विधिपूर्वक संपवावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. श्रावणी पौर्णिमेस आपण जे उपाकर्म करतो, ते मुळात वेदाध्ययनाच्या सत्राचा आरंभ होय. आणि त्याची समाप्ती पौषात अथवा माघात ‘उत्सर्जन’ या विधीने होत असे. आता उपाकर्म पुष्कळ घरी जानवे बदलण्यापुरते उरले आहे व उत्सर्जनाचे तर नावही कानी पडत नाही. तसेच संपूर्ण विद्या झाल्यावर शिष्य गुरुगृहाहून निघे, तो संस्कार ‘समावर्तन’. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निघणाऱ्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आला आहे, तो सर्वांना परिचित आहे. मौज ही की, समावर्तन या शब्दाचा अर्थ ‘विद्वान होणे’ असा नसून ‘परत येणे’ एवढाच आहे. शिकलेला मनुष्य आपल्या माणसांत परत आला, म्हणजे शिक्षण पुरे झाले. हा अर्थ वाचकांनी मनात धरून ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

मधल्या काळात पंतोजींच्या शाळा आल्या. तेथे दसऱ्याला पाटीपूजन होई, धुळाक्षरे होत, पाढे-पावक्या होत. परंतु ‘वर्ष’ नावाची वस्तू नव्हती. ज्याचे मोडी लिहिणे व हिशेब पुरे झाले, तो उठला व नांगराशी अथवा दुकानाशी गेला. पुढे आमच्या भागात निजामी राजवटीत सरकारी शाळा झाल्या. त्यांत माध्यमिक शिक्षणाची भाषा मुख्यतः उर्दू होती व १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची तर अध्यापनाची भाषाच उर्दू. सरकारी वर्ष फसली, आणि महिन्यांची नावे आजूर, दय, बहमन अशी. आमच्या वडिलांच्या पिढीतील मंडळी घरी चैत्र-वैशाख म्हणत आणि शाळेत फसली तारीख लिहीत. अशा काळात आपल्या भाषेतून व आपल्या वृत्तीने मुलांना शिकवावे म्हणून अंबाजोगाईस १९१७ साली व हिप्परग्यास १९२१ साली शाळा निघाल्या. स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्ही ठिकाणी अध्यापन केले आणि पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. हे सांगण्याचे कारण इतकेच की, मराठीतून ज्याचा निकाल वाचला जातो असे प्राथमिक शाळेचे प्रांगण आमच्या भागात आयते मिळालेले नाही. त्यामागे कोणाची तरी उमेद, कोणाची तरी उपासमार आणि कोणाचा तरी कारावास आहे.

आता निकालाच्या मर्माकडे वळू. ‘परीक्षा’ या शब्दाची फोड परि आणि ईक्षा अशी आहे. सर्व बाजूंनी पाहणे, असा तिचा अर्थ. आणि ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पलीकडे गेलेला. दोन्ही शब्द सुंदर आहेत. परंतु व्यवहारात पहिल्याचा अर्थ तीन तासांत एका बाजूने पाहणे असा झाला, आणि दुसऱ्याचा अर्थ शेजाऱ्याच्या मुलाला मागे टाकणे असा. या दोषावर उपाय म्हणून २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये, असे त्यात ठरले. राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले; गुणांऐवजी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘सर्वंकष’ या शब्दात परीक्षेचा मूळ अर्थच परत आणण्याचा हेतू होता, हे उघड आहे. परंतु पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘आता कोणी नापास होत नाही’ एवढाच घेतला, आणि शाळेत न जाताही पुढचा वर्ग मिळतो अशी समजूत पसरली. पुढे २०१९ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवी या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आली. जो विद्यार्थी तीत उत्तीर्ण होत नाही, त्याला जादा मार्गदर्शन द्यावयाचे, पुनर्परीक्षा घ्यावयाची, आणि तीतही तो कमी पडला तर त्याच वर्गात ठेवावयाचा, असा नियम झाला.

नियम वाचावयास समतोल दिसतो. परंतु परभणी जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, हे पाहावयाचे तर गोदाकाठच्या गावांत जावे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालम या बाजूच्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस माणसे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. आणि ती उचल फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात अथवा कर्नाटकात कारखान्याच्या आसऱ्याने कोपी बांधून राहावे लागते. गाळप आटोपते ते फाल्गुन-चैत्रात. आता शाळेचे पंचांग पाहा. पहिले सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, दुसरे दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत. म्हणजे जे मूल आईबापांबरोबर फडावर गेले, त्याचे दुसरे सत्र जवळजवळ सर्वच गेले. कारखान्याचा हंगाम आणि शाळेचे सत्र यांचे असे वैर आहे की, एकाचा पडदा वर गेला की दुसऱ्याचा खाली पडतो. फडावर आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. तिच्या हातून पाटी केव्हा सुटली हे तिलाही आठवत नाही.

यावर उपाय झालेच नाहीत असे नव्हे. मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे निघाली. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे व ते दाखवून त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे, अशी व्यवस्था झाली. या साऱ्यांनी पुष्कळ मुले वाचली. परंतु पत्रक नेणारे मूल जेथे पोहोचते तेथील शाळा कोपीपासून दूर असते, आणि पहाटे फडाकडे निघालेल्या आईला मुलाला शाळेत पोहोचविण्यास सवड नसते. म्हणून चैत्रात गाड्या गावी परतल्या म्हणजे शाळेच्या पटावरील काही नावे पुन्हा बोलू लागतात, व त्यांच्यापुढे महिन्याभरात वार्षिक परीक्षा उभी राहते.

अशाच एका गावच्या निकालास मला गेल्या काही वर्षांत निवृत्त शिक्षक म्हणून बोलावणे आले होते. गावाचे व गुरुजींचे नाव सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पटावरील नावे एकेक घेऊन गुरुजी प्रगतिपत्रके देत होते. चौथीतील एका मुलीचे नाव आले. ती पाच महिने फडावर होती, व तीन आठवड्यांमागेच परतली होती. तिची श्रेणी अर्थातच बेताची होती. गुरुजींनी श्रेणी वाचलीच नाही. ते म्हणाले, “ही मुलगी जाताना मराठीचे पुस्तक बरोबर घेऊन गेली होती. पाचटाच्या ठिणगीने त्याची चार पाने जळली आहेत. उरलेली सगळी तिला वाचता येतात.” मग त्यांनी ते पुस्तक तिच्या हाती देऊन एक पान वाचावयास सांगितले. मुलगी प्रथम लाजली, मग बोट ठेवून वाचू लागली. ओळीच्या शेवटी ती दम घेई, तेव्हा सभेत इतकी शांतता असे की खांबावरच्या दोरीचा आवाज ऐकू येई. तिची आई मागे पारावर बसली होती. पान संपल्यावर टाळ्या झाल्या; परंतु त्या माउलीने टाळी वाजविली नाही, पदर तोंडाशी धरला. त्यानंतर पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळाले, व त्यालाही टाळ्या मिळाल्या. त्याचे काही उणे झाले नाही.

ही मुलगी त्या वर्षी पाचवीत गेली. पाचवीच्या अखेरीस मात्र तिच्यापुढे नवा नियम उभा राहणार होता, ही गोष्ट गुरुजी जाणून होते व मीही जाणून होतो. येथे सुशिक्षित मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अशा मुलास मागे ठेवणे म्हणजे त्याला शाळेतून घालवून देणे होय. कारण दोन वेळा एकाच वर्गात बसलेले मूल तिसऱ्यांदा शाळेत येत नाही, ते थेट फडावर जाते. दुसरा म्हणतो, ज्याला वाचता येत नाही त्याला पुढे ढकलणे ही दया नव्हे, फसवणूक आहे. सातवीत गेलेले मूल पहिलीचे पुस्तक अडखळत वाचते, तेव्हा त्याचा अपमान रोजच होतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु दोघेही निकालाच्या दिवशी उभे राहून भांडतात, आणि मुलाचे भवितव्य ठरते ते निकालाच्या आधीच्या सहा महिन्यांत व नंतरच्या दीड महिन्यात. उत्तीर्ण म्हणजे पलीकडे गेलेला, असे वर म्हटले. गोदेच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगावयास नको की, पलीकडे जाणे हे जितके पोहणाऱ्याच्या बळावर असते तितकेच नावाड्यावरही असते. एक खेप पलीकडे पोहोचवून नावाडी नाव बांधून घरी गेला, तर अलीकडच्या काठावर राहिलेल्यांना ‘तुम्हाला पोहता येत नाही’ असे म्हणण्यात काय अर्थ?

पुनर्परीक्षेचा नियम ही दुसरी खेप आहे, असे मी मानतो. ती चांगली आहे. परंतु तिला नावाडी पाहिजे. मे महिन्यात शाळेला कुलूप असते, गुरुजी आपापल्या गावी गेलेले असतात, आणि कायद्यातील ‘जादा मार्गदर्शन’ हे शब्द उन्हात एकटे उभे राहतात. हीच वेळ आपल्यासारख्या घरांनी पुढे येण्याची आहे.

आपल्या घरांना हे नवे नाही. माझ्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ‘वार लावून जेवणे’ हा प्रकार ठाऊक असेलच. गरीब विद्यार्थी शिकण्यास परगावी येई. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार लावून तो जेवे आणि शिके. कितीतरी विद्वान या वारांवर वाढले. त्या अन्नाला फार मोठे पुण्य होते, हे मी नाकारीत नाही. परंतु हेही सांगितले पाहिजे की, ती पंगत जातीच्या कुंपणाआतली होती. कुंपणाबाहेरच्या मुलाला तिचा वासही लागत नसे. आता अन्नाची सोय सरकारने शाळेतच केली आहे. १९९५ साली सुरू झालेल्या योजनेतून मुलांना दुपारचे जेवण मिळते. तेव्हा आज अन्नाचा वार नको, अक्षराचा वार पाहिजे; आणि तो कुंपणाशिवाय पाहिजे.

माझी योजना साधी आहे. एकत्र कुटुंबात या दिवसांत आजी-आजोबा घरी असतात, सुना-लेकी सुट्टीला आलेल्या असतात, मॅट्रिक-पदवीची मुले रिकामी असतात. गावातील किंवा गल्लीतील चौथी-पाचवीचे, वाचनात मागे राहिलेले एक मूल निवडावे. गुरुजींना विचारले तर ते नाव सांगतील. मे महिन्याच्या आरंभापासून शाळा उघडेपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. सात घरांनी एकेक वार घेतला, तर कोणत्याही घरावर आठवड्यातून एका तासाहून अधिक भार पडत नाही आणि मुलाचा अभ्यास मात्र रोज होतो. सकाळी ऊन नसताना अर्धा तास मोठ्याने वाचन, दहा ओळी शुद्धलेखन, दोन पाढे व चार उदाहरणे; इतके पुरे. आपल्या नातवंडांनाही त्याच सतरंजीवर बसवावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : वाराला आलेल्या मुलाला ‘जरा दुकानातून एवढे आण’ असे सांगू नये. तो आपल्याकडे विद्यार्थी म्हणून आलेला आहे. आणि त्याची जी बोली असेल तिला हसू नये. जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात कष्टकऱ्यांच्या बोलीला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणखी दोन गोष्टी सुचवून हे लांबलेले पान आटोपतो. पहिली, आपल्या घरातील मुलांच्या निकालाविषयी. प्रगतिपत्रक हाती येताच चुलत भावंडांची श्रेणी शेजारी ठेवून पाहण्याची खोड एकत्र कुटुंबात फार. त्याऐवजी गुरुजींनी खाली लिहिलेली वर्णनात्मक नोंद आधी वाचावी. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘इतरांना मदत करते’ या चार शब्दांत वर्षभराची जी ओळख असते, ती श्रेणीच्या अक्षरात नसते. दुसरी, आभारांविषयी. निकालाच्या दिवशी गुरुजींना नारळ व गुलाबाचे फूल देण्याची चाल चांगली आहे. रघुवंशातील कौत्साची कथा आपण जाणतो. त्याच्या गुरूंनी प्रथम त्याची भक्तीच दक्षिणा मानली होती, धनाचा आकडा शिष्याच्या हट्टामुळे मागून आला. फूल पुरते. परंतु तसेच एक फूल मुलांसाठी रोज खिचडी शिजविणाऱ्या बाईंनाही द्यावे व त्या दिवशी त्यांना चुलीजवळून उठवून खुर्चीवर बसवावे. अंगणात ज्यांच्या हातचे शेकडो दिवस मुले जेवली, त्या समारंभात मागे उभ्या राहाव्यात हे बरे दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आता तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. एवढी गोष्ट त्यांनी ठरविली तर ती त्याच दिवशी होईल.

समावर्तन म्हणजे परत येणे, असे आरंभी सांगितले. जिंतूरच्या मुलाने शहरात शिकून पदवी घेऊन घरी येणे हे समावर्तन खरेच; पण पाच महिने फडावर काढून, जळक्या पानांचे पुस्तक घेऊन शाळेच्या अंगणात परतलेल्या मुलीचे येणे, हेही समावर्तनच होय. पहिल्याचा सत्कार आपण नेहमी करतो. दुसरीला येत्या १ मे रोजी निदान बसावयास जागा, वाचावयास पान व शिकावयास एक वार मिळावा, एवढीच प्रार्थना. ज्या घरांतून असा वार सुरू होईल, त्यांनी जूनमध्ये शाळा उघडताना त्या मुलाचे बोट धरून त्याला वर्गापर्यंत पोहोचवावे. इत्यलम्.